वाचकांचे प्रश्न : दोन चाचण्यांमधली वजाबाकी

प्रश्न : मी आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत चौथीला शिकवते. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत माझ्या वर्गाची गणिताची सरासरी 50 टक्के होती, पहिल्या सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापन 1 मध्ये ती 46 वर आली. शिक्षण परिषदेत पडद्यावर सगळ्या शाळांचे आलेख दाखवले, त्यात आमची रेघ खाली उतरलेली. ‘मुलं मागे कशी गेली?’ या प्रश्नावर मला काही बोलता आलं नाही. वर्गातल्या सगळ्यात हुशार दोन मुलींचे गुण घसरलेत, हेही खरं आहे. गुणांची यादी सोबत पाठवते. माझं कुठे चुकलं?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : ताई, तुमची यादी मी नीट पाहिली. पायाभूतला 14 मुलं बसली होती, संकलितला 10. उरलेल्या चौघांसमोर शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही ‘स्थलांतर’ लिहिलं आहे. दसरा झाला की तुमच्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात, हे मला माहीत आहे. या चौघांचे पायाभूतचे गुण 75, 70, 66 आणि 65 आहेत. म्हणजे वर्गातली बऱ्यापैकी पुढे असलेली चार मुलं गाडीत बसून कारखान्याच्या फडावर गेली.

आता मागे राहिलेल्या दहा जणांकडेच पाहा. पायाभूतला त्यांची सरासरी 42.4 होती आणि संकलितला 46 आहे. ज्या मुलांना तुम्ही दोन्ही वेळा वर्गात शिकवत होतात, त्यांच्यापुरती रेघ वर गेली आहे. पडद्यावर ती खाली दिसली, कारण दोन वेळची मुलं वेगळी होती. पुढच्या परिषदेत दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचाच तक्ता घेऊन उभ्या राहा. तो मागण्याचा तुमच्या केंद्रप्रमुखांना अधिकार आहे आणि दाखवण्याचा तुम्हाला.

मला खरी काळजी त्या चौघांची वाटते. त्यांची प्रगती या वर्षी कुठल्याच आलेखात येणार नाही. गावात कुणाचे आजी-आजोबा असतील, तर हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते शाळा व्यवस्थापन समितीत आत्ताच विचारा, म्हणजे निदान पुढच्या हंगामात ती मुलं गावात थांबतील.

पण 42.4 वरून 46 झाले म्हणून मुलं इतक्या टक्क्यांनी पुढे गेली, असंही मी म्हणणार नाही. पायाभूत चाचणी प्रामुख्याने आधीच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या वर्षी यायला हव्या होत्या त्या गोष्टींवर असते, संकलित 1 चालू वर्षाच्या पहिल्या सत्रावर. एका पेपरात तिसरीची बेरीज-वजाबाकी, दुसऱ्यात चौथीचं नवं काम. दोन पेपरांची काठिण्यपातळी एकाच मोजपट्टीवर आणायची असेल, तर दोन्हींत काही समान प्रश्न पेरावे लागतात आणि त्यांच्या आधारे दोन्हींचे गुण जुळवून घ्यावे लागतात. ते न करता पहिल्या पेपरातले 50 आणि दुसऱ्यातले 46 यांची वजाबाकी मांडली, तर उत्तर येतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पायाभूत चाचणी कोणत्या मुलाला काय येत नाही हे कळावं आणि त्यावर लगेच काम सुरू व्हावं म्हणून असते. शाळांची शर्यत लावायला ती बनवलेलीच नाही.

त्या दोन मुलींचं म्हणाल, तर पहिल्या क्रमांकावर येणाऱ्याच्या गुणांत त्याच्या अभ्यासाबरोबर त्या दिवसाचा थोडा योगही असतो. नेमका येणारा प्रश्न आला, अंदाजाने खूण केलेला पर्याय बरोबर निघाला. पुढच्या वेळी तो योग तसाच जुळून येत नाही, म्हणून वरचे थोडे खाली येतात आणि तळाचे थोडे वर. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 साली आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हीच गोष्ट दाखवली. तुमच्या यादीत वरच्या दोघींचे 90 आणि 85 होते, ते 80 आणि 78 झाले. तळाच्या दोघांचे गुण तितकेच वाढले आहेत. मुलींना रागावू नका. आणि त्या दोघा मुलांवर तुम्ही घेतलेली मेहनत वाया गेली असंही समजू नका, फक्त तिचा पुरावा या दोन आकड्यांत शोधू नका.

तो पुरावा वहीत मिळतो. 403 मधून 178 वजा करायला द्या. जुलैत एखादा मुलगा 375 लिहितो. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला, हातचा घेणं त्याला ठाऊकच नाही. सप्टेंबरात तोच मुलगा 235 लिहितो. आता तो हातचा घेतो आहे. शून्याच्या जागी दहा करून त्यातून सात काढले त्याने, फक्त त्या दहातला एक आधीच एककाला दिला होता हे विसरला. दोन्ही उत्तरं चूक, दोन्ही वेळा गुण शून्य, आणि मधल्या काळात तुम्ही त्याला केवढं शिकवलंत! अशी सात-आठ उदाहरणं आणि वाचनाचा एक उतारा ठरवा. दर दोन महिन्यांनी त्याच धाटणीची, आकडे बदललेली उदाहरणं द्या आणि मुलाने उत्तर कसं काढलं ते एका ओळीत टिपून ठेवा. ते कागद तारखेनिशी जपा.

आणखी एक, कारण तुमच्या पत्रात भीती आहे. परीक्षेतल्या वाढीवरून शिक्षकाची किंमत ठरवण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. टेनेसी राज्याने 1992 साली संख्याशास्त्रज्ञ विल्यम सँडर्स यांची पद्धत कायद्यात आणली आणि पुढे ती इतरत्र पसरली. ह्यूस्टनच्या शिक्षकांनी त्याविरुद्ध दावा केला. गुण कसे काढले हे शिक्षकाला तपासताच येत नसेल तर त्याला न्याय्य संधी कुठे मिळाली, या मुद्द्यावर 2017 साली तिथल्या संघीय न्यायालयाने दावा पुढे चालू ठेवला. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014 च्या निवेदनात म्हटलं होतं की, मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी 1 ते 14 टक्के वाटाच शिक्षकांकडे जातो असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. तिथे हजारो मुलांचा अनेक वर्षांचा विदा (डेटा) हाताशी होता. तुमच्या दहा मुलांच्या दोन पेपरांवरून तुमच्याबद्दल कुणी काही ठरवत असेल, तर ते मला मान्य नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी तिसरीत आहे. शाळेत संगणकावर होणाऱ्या मॅप चाचणीत गणितात तिला सप्टेंबरात 199 आणि जानेवारीत 201 मिळाले. अहवालात वाढीचं शतमान 22 लिहिलं आहे. ती मागे पडते आहे का? शिकवणी लावू का?
— एक वडील

उत्तर : तुमच्या मुलीच्या बाबतीत वजाबाकी करता येते, कारण हे गुण रिट नावाच्या, मॅप चाचणीच्या ठरावीक मापावरचे आहेत. डॅनिश गणितज्ञ गेऑर्ग राश यांच्या सिद्धांतावर ते उभं आहे. प्रश्नांची काठिण्यपातळी आणि मुलाची कुवत दोन्ही एकाच पट्टीवर बसवलेली असतात, संगणक प्रत्येक उत्तरानंतर त्याप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो. त्यामुळे सप्टेंबरातले 199 आणि जानेवारीतले 201 एकाच भाषेत बोलतात.

पण प्रत्येक गुणाभोवती साधारण 3 अंकांची चूक धरावी लागते. दोन गुणांच्या फरकात ती चूक वाढून 4 च्या आसपास जाते. म्हणजे वाढ 2 दिसत असली तरी ती 6 असू शकते, आणि मुळीच नसूही शकते. एवढ्यावरून शिकवणी लावू नका. शतमान 22 याचा अर्थही नीट घ्या: तिच्याइतक्याच गुणांपासून सुरुवात केलेल्या 100 मुलांत साधारण 22 जणांची वाढ तिच्याएवढी किंवा तिच्याहून कमी झाली. ती वर्गात खालून बाविसावी आहे असा त्याचा अर्थ नाही. वसंतातली चाचणी होऊ द्या, सप्टेंबर ते मे अशी तुलना करा. दरम्यान तिच्या शिक्षिकेला भेटून अपूर्णांक, गुणाकार यांपैकी नेमकं कुठे ती अडखळते ते विचारा. जानेवारीत परीक्षेच्या दिवशी ताप होता का, चाचणी घाईत उरकली का, हेही विचारा. मॅपमध्ये घाईने दिलेल्या उत्तरांची नोंद होते.

प्रश्न : बी.एड.च्या प्रकल्पासाठी, शाळेतल्या मुलांना किती येतं हे देशभर तपासणारं 2021 चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि त्याच्या जागी आलेलं 2024 चं परख सर्वेक्षण यांची तुलना करून राज्याची प्रगती दाखवू का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नको. 2021 ला तिसरी, पाचवी, आठवी, दहावीची मुलं होती. 2024 ला तिसरी, सहावी, नववीची. पेपरांची रचनाही बदलली आहे. काळानुसार बदल दाखवायचा असेल, तर ग्रामीण भागापुरतं ‘असर’ हे ‘प्रथम’ संस्थेचं सर्वेक्षण घ्या, कारण त्यात दरवेळी तीच वाचनाची पातळी तपासतात. देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 20.9 टक्के, 2022 मध्ये 16.3 आणि 2024 मध्ये 23.4 होतं. करोनातली घसरण आणि त्यानंतरची उभारी त्यात स्वच्छ दिसते. महाराष्ट्राचे आकडे त्याच अहवालांतल्या राज्याच्या पानांवरून घ्या. फक्त प्रकल्पात एक वाक्य आवर्जून लिहा की, 2018 ची तिसरी आणि 2024 ची तिसरी ही वेगवेगळी मुलं आहेत. यातून शाळाव्यवस्थेचा बदल कळतो, एकेका मुलाची वाढ कळत नाही.