विज्ञानकथेच्या रोलप्लेमध्ये नवख्याने कोणते शिष्टाचार पाळावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : अनोळखी लोकांबरोबर लिहून खेळल्या जाणाऱ्या विज्ञानकथेच्या एका रोलप्लेमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन एकच कथा आळीपाळीने पुढे नेण्याच्या खेळात, तुम्ही नव्याने सामील झालात, पहिल्याच चालीत (आपल्या पाळीला लिहिलेल्या मजकुरात) तुमच्या पात्राने लेझरच्या एका माऱ्यात समोरचे यान निकामी करून त्याच्या कप्तानाला शरण आणले आणि त्यानंतर दोन दिवस गटात कोणीच काही लिहिले नाही, तेव्हा चुकले काय आणि या खेळाच्या रीती कोणत्या. मी परभणीचा आहे. आम्ही सात जण गेली काही वर्षे मंगळावरील एका मानवी वसाहतीची कथा आळीपाळीने लिहीत आहोत. त्यातले सहा मराठवाड्यातले आणि एक पुण्याचे. तुम्ही केलेली चूक मीही केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेझर वापरल्याने काही बिघडलेले नाही. बिघडले ते इतकेच की तो कप्तान दुसऱ्या कोणीतरी घडवलेला होता, आणि तो शरण येईल की यानासकट स्वतःला उडवून देईल हे ठरवण्याचा अधिकार तुम्ही त्याच्या लेखकाकडून काढून घेतला. खेळणारे याला ‘गॉडमोडिंग’ म्हणतात. आपल्या चालीत आपण फक्त प्रयत्न लिहायचा, त्याचे फळ समोरच्याने लिहायचे, ही या खेळातली पहिली रीत आहे. ‘मी गोळी झाडली आणि ती त्याच्या खांद्यात घुसली’ असे न लिहिता ‘मी त्याच्या खांद्यावर नेम धरून गोळी झाडली, पण धुळीच्या वावटळीत पुढचे नीट दिसत नव्हते’ असे लिहिले, तर त्या धुळीत समोरच्याला बचावायलाही जागा राहते आणि जखमी व्हायलाही. अर्थात ही सवलत दोन्ही बाजूंनी पाळावी लागते. प्रत्येक गोळी चुकवणारे पात्र हेही तितकेच असभ्य समजले जाते. कोणाचे पात्र मारायचे असेल, तर त्याच्या लेखकाची संमती आधी घ्यावी.

विज्ञानकथेत ही चूक ओळखणे अवघड जाते, कारण इथे दांडगाई शस्त्रापेक्षा यंत्राच्या वेषात अधिक येते. आमच्या कथेत ध्रुवाकडच्या बर्फापासून पाणी मिळवले जाते आणि ते माणशी मोजून दिले जाते. वाटपाची वही ज्या पात्राच्या हाती आहे, त्याच्या लेखिका लातूरच्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तो उन्हाळा त्यांनी घरात भांडी मोजत काढलेला आहे, आणि त्यांच्या लिखाणातल्या त्या वहीला, त्यातल्या खाडाखोडीला, रांगेतल्या कुरबुरींना जी धार होती ती कल्पनेने येणारी नव्हती. मी गटात नवा होतो आणि माझे पात्र अभियंता होते. मी एका रात्री उत्साहाच्या भरात हवेतून हवे तितके पाणी खेचणारे यंत्र बसवून टाकले. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या १ टक्क्याहूनही कमी असतो आणि त्या हवेत बाष्प अगदीच नगण्य असते, हेही मी पाहिले नाही. सकाळी बाईंचा निरोप आला, ‘दादा, तुमच्या यंत्रानं माझं तीन महिन्यांचं काम एका ओळीत बुडवलं.’

मी माफी मागून चाल मागे घ्यायला निघालो होतो. त्यांनीच सुचवले की यंत्र राहू द्यावे, पण त्याची किंमत लावावी. मग असे ठरले की ते यंत्र दिवसभर चालवले तर जेमतेम एक कळशी पाणी मिळते आणि तेवढ्यासाठी भाजीच्या हरितगृहातले निम्मे दिवे बंद ठेवावे लागतात. त्यातून पाणी हवे की भाजी हवी यावर वसाहतीत जी सभा झाली, ती आम्ही सात जणांनी मिळून लिहिलेल्या प्रसंगांपैकी मला सर्वांत आवडती आहे. तेव्हापासून आमच्याकडे रिवाज असा की ज्या चालीत नवे यंत्र येते त्याच चालीत ते काय खाते, किती तापते आणि कधी बंद पडते हेही आले पाहिजे.

विज्ञान किती काटेकोर ठेवायचे हे खेळ सुरू होण्याआधी ठरवावे आणि मग त्यावरून रोज वाद घालू नये. गटाने प्रकाशापेक्षा वेगवान याने मान्य केली असतील, तर तुमचा सापेक्षतावाद कितीही पक्का असला तरी तो तिथे उगाळणे अप्रशस्त आहे. आम्ही मात्र काटेकोर बाजू निवडली होती. पृथ्वी आणि मंगळ यांच्या स्थितीनुसार एका बाजूचा संदेश दुसरीकडे पोहोचायला साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि एकाने आपल्या पात्राचे बीडमधल्या आईशी सरळ फोनवर बोलल्यासारखे संभाषण लिहिले होते. चूक दाखवल्यावर त्याने ते पुन्हा लिहिले. अंतर १८ मिनिटांचे धरले. आई ‘जेवलास का?’ म्हणून विचारते आणि उत्तर तिच्या कानी पडेपर्यंत ३६ मिनिटे होतात, तोवर तिची भांडी घासून झालेली असतात. नियम पाळल्यामुळे प्रसंग उणा झाला, असे कोणालाही वाटले नाही.

चूक कशी दाखवावी, यालाही रीत आहे. आमच्यातल्या एकाने गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींतून उठणाऱ्या अवकाश-काळातल्या तरंगांचे, शस्त्र करून शत्रूचे तळ हादरवले होते. हिंगोलीचे गृहस्थ त्यावर आपल्या पात्राच्या तोंडी एखादे टोमण्याचे वाक्य घालू शकले असते. त्यांच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ या लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे, तिला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे, त्यामुळे हा विषय त्यांना घरचा वाटतो. पण त्यांनी कथेबाहेर, त्या एकालाच कळवले की ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजणारी लायगोची उपकरणे आहेत, ती लहरी टिपतात, सोडत नाहीत. आणि पाहिजे असल्यास आपण शत्रूच्या हालचालीची चाहूल घेणारे काहीतरी बसवू. लेखकाने ते आनंदाने स्वीकारले. चारचौघांत पाणउतारा झाला असता, तर तो मनुष्य बहुधा गटातून निघून गेला असता.

कथेतले बोलणे आणि कथेबाहेरचे बोलणे वेगळे दिसले पाहिजे. बाहेरचे बोलणे आम्ही दुहेरी कंसात लिहितो. पैठणच्या नाथांच्या भारुडात जोशाचे किंवा वासुदेवाचे सोंग घेणाऱ्याला कोणी खरोखरीचा जोशी समजत नाही, पण पडद्यावरच्या अक्षरांना पोशाख नसतो, आणि माझ्या पात्राने तुमच्या पात्राला भ्याड म्हटले की ते तुम्हालाच म्हटल्यासारखे वाटू शकते. अशा चालीखाली कंसात ‘हे फक्त पात्राचे बोलणे, राग नसावा’ एवढे लिहिले की पुष्कळ भांडणे टळतात. याच्याच उलट बाजूची चूक म्हणजे आपण वाचलेली गोष्ट आपल्या पात्रालाही माहीत आहे असे धरणे. जालन्याच्या खेळाडूचे पात्र हेर आहे हे आम्हा सर्वांना वाचून ठाऊक होते, पण आमच्या पात्रांना ते कळायला वर्ष लागले, आणि ते वर्षभर गप्प बसणे हाच आमचा शिष्टाचार होता.

एक गोष्ट नियमांच्या यादीत सहसा नसते, पण मराठीत खेळणाऱ्यांसाठी ती मला महत्त्वाची वाटते. आमच्या कथेत सुरुवातीला कप्तान आणि शास्त्रज्ञ प्रमाण मराठी बोलत आणि झाडलोट करणारा यंत्रमानव हशा पिकवण्यासाठी ‘काय करायलाव साहेब’ म्हणे. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण गटातल्या सहा घरांत तीच बोली बोलली जाते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही ते बोलून दाखवले आणि त्यांनी ते मोकळेपणाने मानले. आता वसाहतीच्या प्रमुख बाई ‘हवा कमी पडायली, दारं लावून घ्या’ असा हुकूम सोडतात आणि सगळे धावतात. परग्रहावरच्या गुलाम जमातीला आपल्याकडच्या एखाद्या समाजाच्या चालीरीती किंवा आडनावे चिकटवणे हा याच दोषाचा अधिक वाईट प्रकार आहे. तो विनोद म्हणूनही करू नये.

प्रणय, रक्तपात, छळ यांची मर्यादा आधी बोलून घ्यावी आणि कोणीही कारण न देता ‘थांबा’ म्हटले तर प्रसंग तिथेच थांबवावा. गटात १८ वर्षांखालील कोणी असेल, तर त्याच्याबरोबर प्रणयाचा कोणताही प्रसंग लिहायचा नाही, त्याच्या पात्राचे वय कथेत कितीही दाखवलेले असो. यात सवलत नाही.

आपली पाळी आली आणि लिहिणे जमणार नसेल तर तसे कळवावे. आमच्यातल्या दोघांची शेती आहे, त्यामुळे सोयाबीनच्या काढणीत त्यांची पात्रे शीतनिद्रेत जातात आणि कथा त्यांच्यावाचून पुढे सरकते; ती सोय विज्ञानकथेने आयतीच दिली आहे. न सांगता तीन दिवस गेले, तर पुढच्याने लिहावे, पण गैरहजर माणसाच्या पात्राला हात लावू नये. लांबीविषयी म्हणाल, तर समोरचा जेवढे लिहितो साधारण तेवढे लिहावे आणि शेवट असा करावा की पुढच्याला काहीतरी करायला उरेल.

आता तुमच्या त्या चालीचे. दोन दिवसांच्या शांततेला घाबरून गट सोडू नका. दुहेरी कंसात लिहा की मी नवीन आहे, माझ्याकडून तुमच्या कप्तानाचा निर्णय परस्पर लिहिला गेला, चालेल का मी शेवटच्या दोन ओळी बदलतो. मग लेझर राहू द्या, त्याची किरणे शत्रूच्या यानाकडे झेपावतात तिथवर लिहा, त्या एका माऱ्यात तुमच्या यानाचे विजेचे साठे रिकामे होऊन आतले दिवे विझले असे लिहा, आणि अंधारात तुमचे पात्र समोरून काय येते याची वाट पाहत उभे आहे इथे थांबा.