आपत्कालीन विभागात नंतर आलेल्या रुग्णाला आधी का घेतात?

वडिलांना पोटदुखीसाठी आपत्कालीन विभागात नेले असता दोन तास बसवून ठेवले, मागाहून आलेल्या तिघांना मात्र थेट आत घेतले, तेव्हा परिचारिका हा क्रम कशावरून ठरवते, असे आपण विचारले आहे. अशा विभागाच्या दाराशी असलेल्या टेबलावर मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे तिथे बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललेले असते ते सांगते.

कोण आधी आले, यापेक्षा थांबल्याने कोणाचे बिघडेल हा आमच्यापुढचा प्रश्न असतो. या वर्गवारीला ट्रायज म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ निवडून वेगळे करणे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक जाँ लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याचा आग्रह धरला होता, आणि ते तत्त्व आजही तेच आहे. आता बहुतेक ठिकाणी पाच पातळ्या असतात. मँचेस्टर पद्धतीत लाल रंगाच्या रुग्णाला तत्काळ, नारिंगीला 10 मिनिटांत, पिवळ्याला 60, हिरव्याला 120 आणि निळ्याला 240 मिनिटांत तपासले जावे असे उद्दिष्ट असते. उद्दिष्ट म्हणजे हमी नव्हे, हे मात्र सांगायला हवे.

प्रत्येक रुग्णामागे मला दोन ते पाच मिनिटे मिळतात आणि त्यातला महत्त्वाचा भाग रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच होऊन गेलेला असतो: तो चालत आला की आधाराने, एका दमात पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांनंतर थांबतो, ओठांचा रंग कसा आहे, घाम आला आहे का. त्यानंतर श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, याच क्रमाने पाहायचे, मग नाडी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजनची पातळी. यात सर्वांत दुर्लक्षित आकडा श्वासाच्या गतीचा. यंत्र तो सहसा दाखवत नाही, छातीकडे पाहत मोजावा लागतो आणि घाईत अनेक जण अंदाजाने 18 लिहून मोकळे होतात. मला या सवयीचा मनापासून राग आहे, कारण प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 वरून 28 वर जातो तेव्हा रक्तदाब पुष्कळदा अजून ठीकच दिसत असतो.

एका संध्याकाळी मनगट मोडलेला एक तरुण वेदनेने ओरडत होता आणि त्याचा भाऊ टेबलावर हात आपटत होता. त्यांच्यामागे साठीचे एक गृहस्थ शांतपणे उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते जवळजवळ ओशाळून म्हणाले, "पित्त झालंय थोडं, माझी काही घाई नाही." मी नाडीसाठी त्यांचा हात हातात घेतला, तर तो गार आणि ओलसर लागला, आणि शर्टाची कॉलर घामाने भिजलेली दिसली. मधुमेह आहे का विचारले, तर वीस वर्षांपासून. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, आणि अशी शंका येताच आल्यापासून 10 मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा असतो. त्यांचा ईसीजी पाहून डॉक्टरांनी त्यांना चालूही दिले नाही. ज्याला ओरडता येते त्याचा श्वासमार्ग मोकळा असतो, हे त्या तरुणाच्या भावाला त्या क्षणी कसे समजावणार? तरीही त्या तरुणाला मी नुसते थांबवले नव्हते: हाताला आधारपट्टी बांधली, बोटांचा रंग आणि संवेदना तपासली, वेदनाशामक मिळेल अशी व्यवस्था केली. थांबण्याच्या काळातही शुश्रूषा चालू राहायला हवी.

फसवणारे रुग्ण आणखीही असतात. दम्याच्या झटक्यातील मूल घरघर करायचे थांबले आणि पेंगू लागले की पालकांना हायसे वाटते, पण आम्ही धावतो, कारण आवाज येण्याइतकी हवाही आत जात नसते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सियस ताप असेल तर ते कितीही छान दिसत असले तरी त्याला वरचा क्रम मिळतो. नाडी संथ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला आत रक्तस्राव होत असूनही नाडी वाढत नाही. आणि डोळ्यात रसायन गेलेल्याचे नावसुद्धा नंतर लिहायचे, आधी पाण्याने डोळा धूत राहायचे.

आता आपल्या वडिलांविषयी. न पाहता मी निदान करणार नाही, परंतु ज्येष्ठ व्यक्तीची पोटदुखी मी कधीच हलकी मानत नाही, विशेषतः ती अचानक सुरू झाली असेल आणि पाठीकडे जात असेल तर, कारण महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, फुगून फुटण्याच्या बेतात असतानाही तक्रार एवढीच असू शकते. मुख्य म्हणजे वर्गवारी एकदाच करून संपत नाही. पोटदुखीच्या एका बाईंना मी पिवळ्या गटात बसवले होते, नाडी 88 होती; गर्दीत त्यांच्याकडे पुन्हा जायला मला उशीर झाला आणि गेले तेव्हा नाडी 118 झाली होती व चेहरा पांढराफटक पडला होता. त्या वाचल्या, पण तो उशीर माझा होता. म्हणून स्पष्ट लिहिते: इतर गंभीर रुग्ण आधी जाणे योग्यच, मात्र दोन तासांत एकदाही कोणी वडिलांची नाडी, रक्तदाब पुन्हा पाहिला नसेल तर ती त्रुटीच समजावी.

पुन्हा अशी वेळ आल्यास, "किती वेळ लागेल?" याऐवजी काय बदलले ते सांगा: आता घाम आला आहे, दुखणे छातीकडे सरकले आहे, उलटीत रक्त दिसले, बोलणे असंबद्ध वाटते. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसते, दुसरे ऐकल्यावर मला उठून यावेच लागते. नेहमीच्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा (पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते), आणि शस्त्रक्रियेची गरज पडू शकते म्हणून आम्हाला विचारल्याशिवाय रुग्णाला चहा-बिस्किटसुद्धा देऊ नका.