रोमन जहाजातलं शिसं आणि न्यूट्रिनो

प्रश्न: माझा भाचा सांगत होता की बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं काढून इटलीतल्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनोच्या डिटेक्टरला लावलंय. मला वाटलं थापा मारतोय. खरं असेल तर बाजारातलं शिसं का नाही चालत? आणि हा न्यूट्रिनो नावाचा कण म्हणे अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो, मग शिशाची भिंत त्याला काय डोंबल अडवणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर: भाच्याला सॉरी म्हणा, पोरगा खरं बोलतोय. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्याजवळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात एक जहाज बुडालं होतं, शिशाच्या लगडींनी भरलेलं, ते १९८८ मध्ये सापडलं. त्यातल्या १२० लगडी, म्हणजे साधारण ४ टन, २०१० मध्ये इटलीतल्याच ग्रान सास्सो डोंगराखालच्या लॅबकडे गेल्या, तिथल्या 'कुओरे' नावाच्या प्रयोगासाठी. लगडींवर रोमन कारखानदारांचे शिक्के होते, ते भाग कापून जपून ठेवले आणि बाकीचं वितळवलं. पुरातत्त्ववाले यावर नाराज झाले आणि खरं सांगू, मला त्यांचंही पटतं.

आता तुमचा मेन प्रश्न. भिंत न्यूट्रिनोला अडवायला नाहीच मुळी, बाकीच्या कलकलाटाला अडवायला आहे. लग्नाच्या हॉलमध्ये बँड चालू असताना कोणी कानात कुजबुजलं तर ऐकू येईल का, तसं आहे हे. खडकात, सिमेंटमध्ये, हवेतल्या रेडॉनमध्ये, तुमच्या-माझ्या अंगातल्या पोटॅशियममध्ये सगळीकडे थोडा थोडा किरणोत्सार असतोच, वरून अवकाशातल्या कॉस्मिक किरणांमुळे येणारे म्युऑन नावाचे कण, म्हणून आधी डोक्यावर १४०० मीटर डोंगर घ्यायचा आणि मग शिसं. पण नवीन शिसं स्वतःच आवाज करतं! खाणीतल्या युरेनियमपासून तयार झालेलं शिसं-२१० नावाचं किरणोत्सारी शिसं त्यात असतं आणि ते कितीही शुद्ध केलं तरी जात नाही, कारण ते शिसंच आहे ना, शिशातून शिसं कसं गाळणार. त्याला एकच औषध, थांबणे. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं, म्हणजे २००० वर्षांत ९० वेळा निम्मं, उरतं काय? काहीच नाही.

आत आहेत टेल्युरियम डायऑक्साइडचे ९८८ स्फटिक, प्रत्येक ५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, पाऊण किलोचा. हे स्फटिक चीनमध्ये बनवले आणि मुद्दाम बोटीने आणले, विमानाने आणले असते तर उंचावर कॉस्मिक किरणांचा मारा जास्त बसला असता. सगळं १० मिलीकेल्विनला ठेवलंय, म्हणजे उणे २७३.१५ या तळापासून एका अंशाच्या शंभराव्या भागावर. एवढं थंड कशाला, तर तिथे एखादा अणू फुटला तरी ठोकळा दखल घेण्याइतका गरम होतो, १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) साधारण ०.१ मिलीकेल्विन, आणि त्याला चिकटवलेला छोटा जर्मेनियमचा थर्मामीटर ते टिपतो. इतका नाजूक कारभार की भूमध्य समुद्रात लाटा उसळल्या की डोंगराखालच्या या यंत्रात त्याची खळबळ दिसते 😄

आणि हे बाहेरून येणारे न्यूट्रिनो मोजत नाहीत बरं का, हा सगळ्यांचा गोंधळ होतो. या स्फटिकांमधलं टेल्युरियम-१३० (टेल्युरियमचाच एक प्रकार) कधीतरी दोन इलेक्ट्रॉन आणि दोन अँटिन्यूट्रिनो सोडतं. पण न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा अँटिपार्टिकल, म्हणजे उलटा जुळा कण, असेल, जे इटालियन शास्त्रज्ञ माजोरानाने १९३७ मध्ये सुचवलं, तर क्वचित नुसते दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतील आणि सगळी ऊर्जा तेच नेतील, म्हणजे आलेखात २५२८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक बारीकसं टोक दिसायला हवं.

प्रश्न: मग दिसलं का ते टोक? आणि आपल्याकडे असं काही चालू आहे का?
— याच वाचकांचा पुढचा मेल

उत्तर: नाही दिसलं. २०२२ मध्ये कुओरेने एवढंच सांगितलं की असं होत असेल तर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, २.२ गुणिले १०चा २५वा घात वर्षांहून जास्त आहे. अडचण अशी की ठोकळा गरम झाला हे कळतं, कोणामुळे झाला ते कळत नाही, पृष्ठभागावरच्या किरणोत्सारातून सुटलेला अल्फा कणही तसाच चटका देतो. म्हणून पुढचा प्रयोग 'क्युपिड', त्यात लिथियम मॉलिब्डेटचे स्फटिक, जे गरम होताना थोडा उजेडही पाडतात, अल्फाचा उजेड कमी पडतो आणि चोर पकडला जातो. मला तरी ही आयडिया रोमन शिशापेक्षा भारी वाटते.

आपल्याकडे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) याच पद्धतीच्या थंड डिटेक्टरवर काम झालंय, फक्त टेल्युरियमऐवजी कथील घेऊन. हो तेच, आजी तांब्या-पितळेच्या भांड्यांना ज्याची कल्हई करून घ्यायची ते. पण त्यातलं कामाचं कथील-१२४ शंभरात जेमतेम ६, म्हणजे ते वेगळं काढायचा मोठा खर्च, आणि टेल्युरियम-१३० मात्र निसर्गतःच ३४ टक्के असतं, इटलीवाल्यांचं तिथेच फावलं.