कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला आणि ब्रेक दगड झाला?
अरे, लगेच बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा डबा) बदलू नकोस. मोठ्या कॅममुळे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, म्हणून आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) व्हॅक्यूम कमी होतो. इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणारा पाइप) व्हॅक्यूम गेज लाव. स्टॉक (मूळ, न बदललेलं) इंजिन 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं. तुझ्या शेव्ही 350 ला (शेव्रोलेचं V8 इंजिन) 11-12 दिसले तर पेडल जड लागणारच. आधी होजची गळती आणि चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) बघ. मग इनिशियल टायमिंग (आयडलला स्पार्क किती आधी पडतो ते) दोन-दोन डिग्रीने वाढव. स्टार्टर अडखळला किंवा लोडवर नॉकिंग (इंजिनात ठकठक) आलं की मागे ये. दर वेळी आयडल आरपीएम पुन्हा खाली आण, नाहीतर गेज फसवतं (मी फसलोय!). कार्बोरेटरचे मिक्स्चरचे (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) स्क्रू शेवटी, पाव-पाव फेरा, काटा सगळ्यात वर जाईल तिथे सोड. तरी 15 गाठत नसेल, तर सरळ इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप बसव. तोवर हायवेला जाऊ नकोस.