लिहीत नाही, दिवसभर भांडी वाजवतो

प्रश्न : ताई, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. सध्या कापूस वेचणी सुरू असल्याने मी सकाळीच वावरात जाते, तो सासूबाईंजवळ असतो. जाऊबाईंची मुलगी त्याच्याच वयाची. ती यवतमाळला नर्सरीत जाते, ए बी सी डी म्हणून दाखवते. आमचा पेन्सिल फेकून देतो. "पाणी दे", "बाबा गेले" एवढंच बोलतो. सासूबाई म्हणतात, "पोट्टं दिवसभर भांडेच वाजवते," आणि मोबाइल लावून देतात. विकतची खेळणी परवडत नाहीत. घरी त्याला काय शिकवू?
— एक आई, ता. दारव्हा

उत्तर : बाई, आधी पेन्सिल ठेवून द्या. या वयात मनगटातली सगळी हाडंसुद्धा तयार झालेली नसतात. "पाणी दे" असे दोन शब्द तो जोडतोय, म्हणजे बोलणं वयाला धरून आहे. जाऊबाईंच्या मुलीशी तुलना करून जीव जाळू नका. अंगणवाडीत माझा जन्म गेला. ए बी सी डी घोकून आलेली पण स्वतःच्या हाताने घास न घेणारी लेकरं मी पुष्कळ पाहिली.

आता भांडी. तो काय करतो ते एकदा जवळ बसून बघा. मोठ्या गंजाचं झाकण छोट्या डब्यावर ठेवेल, ते घसरेल, दुसरं उचलेल. कधीतरी नेमकं बसेल आणि तो तुमच्याकडे बघेल. लहान-मोठं, आत-बाहेर हे सगळं त्याला तिथे कळतं. तुम्ही मध्ये हात घालून बरोबर झाकण देऊ नका. "अरे, हे मोठं झालं का?" एवढं म्हणा आणि थांबा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं तयार केली. तुमचं स्वयंपाकघर त्या मानाने श्रीमंत आहे.

संध्याकाळी भाकरी थापताना पिठाचा एक गोळा त्याला द्या. दाबेल, ओढेल, चपटा करेल. त्यानेच बोटांत जोर येतो, पेन्सिल पुढे आपोआप धरता येते. हात चालू असताना बोलत राहा, आपल्या वऱ्हाडीतच बोला. "लंबा झाला का, गोल झाला का?" धुतलेले कपडे घडी करताना बाबाचे वेगळे, त्याचे वेगळे करू द्या. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावर असेल तर काढा, दोरी बांधा, अंगणभर ओढू द्या.

काही गोष्टींत मात्र मी कडक आहे. तूर, सोयाबीन, सरकी, चिंचोके हातात देऊ नका. लेकरं नाकात घालतात, गिळताना घशात अडकतं. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिचं झाकण कितीही धुतलं तरी खेळायला नाही. घरात साठवलेल्या कापसावर लोळू देऊ नका, अंगाला खाज सुटते. घमेल्यात पाणी भरून खेळायला दिलं तर क्षणभरही उठून जाऊ नका. वीतभर पाण्यातही लेकरू बुडतं.

मोबाइलवरून सासूबाईंशी वाद घालू नका. त्याही थकतात, आणि दिवसभर लेकरू त्याच सांभाळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी तितकं बरं. हे त्यांना सांगा, आणि बदल्यात एक काम द्या : काऊ-चिऊची गोष्ट. रोज तीच सांगायची. चिऊचं दार वाजलं की थांबायचं, पुढचं त्याने म्हणायचं. नवी गोष्ट शोधायची गरज नाही, या वयात तीच ती ऐकण्यातच त्यांना गोडी असते आणि शब्द त्यातूनच तोंडात बसतात.

नर्सरीची घाई नको. तीन वर्षं पूर्ण झाली की गावच्या अंगणवाडीत पाठवा. तोवर सेविकेला विचारा; शून्य ते तीन वयासाठी 'नवचेतना' हा आराखडा २०२४ साली आला आहे, त्यात वयाप्रमाणे घरी करायचे खेळ दिलेले आहेत. पुढच्या गृहभेटीला त्या येतील तेव्हा सासूबाईंनाही शेजारी बसवा.