वाचकांचे प्रश्न: क्वांटम डॉट गढूळ का होतात?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या खाडीतील कालवांमध्ये व्हिब्रिओ जिवाणू शोधायचे आहेत. 605 नॅनोमीटरला चमकणारे कार्बॉक्सिल क्वांटम डॉट (पृष्ठभागावर कार्बॉक्सिल आम्लगट असलेले अतिसूक्ष्म कण) अँटिबॉडीला (जिवाणूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडताना ईडीसी (ही जोडणी घडवणारे रसायन) घातल्यावर द्रावण गढूळ होते. रिकामी काचपट्टीही चमकते. काय चुकते?

उत्तर: गढूळपणा म्हणजे डॉटच्या गुठळ्या. ईडीसीने डॉटवरचे ऋणभार झाकले जातात आणि एकमेकांना दूर सारण्याचा जोर संपतो. एका डॉटमागे ईडीसीचे हजार ते दीड हजार रेणू पुरतात. त्याहून बरेच जास्त घालू नका. जोडणी 10 मिलिमोलर बोरेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), पीएच 7.4 ला, तासभर हलवत करा. ट्रिस बफर कटाक्षाने टाळा, त्यातला अमाइन गट ईडीसी खाऊन टाकतो. ईडीसी ओलाव्याने मरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फ्रीजरमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडूच नये आणि द्रावण दर वेळी ताजेच करावे.

कालवाचा रस थेट वापरू नका. खाऱ्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम कार्बॉक्सिल गटांना एकत्र बांधतात. जिवाणू सेंट्रिफ्यूज करून 3% मिठाच्या द्रावणाने दोनदा धुवा, मग पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खाऱ्या बफरमध्ये) घ्या. ऊर्ध्वपातित पाण्यात व्हिब्रिओ फुटतात.

रिकामी काचपट्टी चमकू नये म्हणून ती आधी 1% बीएसएने (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाने) अर्धा तास झाका. डॉटला न जोडलेली सुटी अँटिबॉडी 100 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) गाळणीतून जात नाही, कारण ती स्वतःच दीडशे किलोडाल्टनची. ती जिवाणूवरच्या जागा अडवते आणि खरी चमक मंदावते. ती काढून टाकायला रेणू आकारानुसार वेगळे करणारा जेल स्तंभच हवा. तुलनेसाठी अँटिबॉडी न जोडलेल्या डॉटची पट्टी प्रत्येक वेळी सोबत ठेवा. तयार लेबल (अँटिबॉडी जोडलेले डॉट) 4 अंश सेल्सिअसवर ठेवा, गोठवू नका.