वाट्या तेलकट का राहतात?

प्रश्न: डिशवॉशरमध्ये भांडी नीट विसळून लावते, तरी वाट्यांच्या आत आमटीचा थर राहतो. ग्लासांच्या बुडावर पाणी साचतं. काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक वाट्या एकीत एक बसत असतील. या यंत्रात घासणारा हात नसतो. फिरत्या पट्ट्यांतून उडणारं पाणी जिथे लागेल तेवढंच स्वच्छ होतं. प्रत्येक वाटी तोंड खाली करून, तिरकी आणि सुटी लावा. दोन वाट्यांत बोटभर फट हवी. ग्लासही थोडे कलते ठेवा, बुडाच्या खोबणीतलं पाणी ओघळून जाईल. कढई आणि पातेली खालच्या कप्प्यात, पालथी, कडेला. मधोमध पालथं घातलेलं मोठं पातेलं वरच्या कप्प्याचं पाणी अडवतं. मग दोन्ही पट्ट्या हाताने फिरवून बघा. डावाचा दांडा खाली लोंबत असेल तर पट्टी तिथेच अडते.

विसळणं मात्र सोडा. खरकटं, कढीपत्ता, मोहरी निपटून काढलं की पुरे. पाण्याचा गढूळपणा मोजणारी यंत्रं, भांडी आधीच स्वच्छ दिसली, तर धुणं आटोपतं घेतात. तेलकट कढया असतील तेव्हा ६५–७० अंशांचा प्रोग्रॅम लावा, तळाची जाळी आठवड्याला धुवा. पितळ, लोखंडी तवा आणि ॲल्युमिनियम यात घालूच नका, काळं पडतं किंवा गंजतं.